न खाल्लेला दोडका

संक्रांत होते, हळदीकुंकवाची गडबड अजून चालूच असते, आणि अशाच एखाद्या रविवारी आमच्या माळ्यावरून एक निळा पत्र्याचा डबा खाली येतो. कधीकाळी कुणीतरी दिवाळीला त्यातून बिस्किटं दिली होती. आता त्यात बिया असतात. मी टेबलावर जुना पेपर अंथरते, डबा त्यावर उपडा करते. सासूबाई चष्मा लावून समोर येऊन बसतात आणि दरवर्षी त्याच सुरात विचारतात, "एवढं सगळं कुठं लावणारेस?"

प्रश्न रास्त आहे. घरामागे जागा आहे बारा फूट बाय अठरा फूट. त्यातला एक कोपरा कढीलिंबाने धरलाय, दुसरा मोरीच्या पाण्यावर माजलेल्या अळूने. उरलेल्या जागेत कपडे वाळत घालायची दोरी, आणि त्या दोरीवरून नवऱ्याशी होणारी वार्षिक वाटाघाट. डब्यातल्या बिया मात्र अर्ध्या एकराला पुरतील. पाकिटं, कागदाच्या पुड्या, औषधाच्या रिकाम्या बाटल्या, एका जुन्या फोटो रोलच्या डबीत गवार. एका पुडीवर माझ्याच अक्षरात "नक्की काय ते बघणे" असं लिहिलंय. ती पुडी तीन वर्षं तशीच आहे.

आमचं घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, गावाच्या अंगाला. म्हणजे डोंगर आमच्या दक्षिणेला. पाहुण्यांना हे फार छान वाटतं. बागेला नाही. थंडीत सूर्य दक्षिणेकडून जातो आणि दुपारी चारच्या सुमारासच किल्ल्याआड होतो. आमच्या परसात तेव्हाच संध्याकाळ होते, आणि समोरच्या बाजूच्या गच्च्यांवर मात्र तासभर ऊन खेळत असतं. संक्रांतीनंतर हा सावलीचा पडदा रोज थोडा मागे सरकतो. शिमग्यापर्यंत साडेपाचचंही ऊन आमच्या मागच्या भिंतीवर येतं. म्हणून बागेचा नकाशा काढताना मी आधी भिंतीकडे बघते. गेल्या काही वर्षांत खडूने केलेल्या खुणा तिथे अजून आहेत: सावली किती तारखेला कुठवर होती त्याच्या. रंगारी आला होता तेव्हा त्याला सांगितलं, एवढा पट्टा सोड. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पट्टा सोडला.

आपल्याकडे वसंतातली बाग ही खरं तर माघातच ठरवावी लागते. चैत्रात बी पेरायला निघालं तर उशीर झालेला असतो. काकडी, दोडका, कारली, दुधी या वेलवर्गीयांना उगवायला ऊब लागते, त्यामुळे पौषाच्या कडाक्यात टोकलं तर बी मातीतच बसून राहतं, कधी कुजतं. आणि मार्चपर्यंत थांबलं तर फुलं यायला एप्रिल-मे उजाडतो. तेव्हा ऊन इतकं चढलेलं असतं की वेलावर नुसतीच नर फुलं येतात. वेल पिवळाधमक, फळ एक नाही. भेंडीचं वेगळंच. उन्हाबरोबर पांढरी माशी वाढते, ती केवडा हा रोग पसरवते, आणि पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या की झाड उपटण्यापलीकडे काही हातात राहत नाही. तेव्हा संक्रांत ते महाशिवरात्र, एवढीच खिडकी.

खिडकी छोटी म्हणून आधी परीक्षा. धुवट सुती कापडाचा तुकडा ओला करून पिळायचा, त्यात दहा बिया ओळीने ठेवायच्या, गुंडाळी करून दोऱ्याने बांधायची, वर चिठ्ठी. अशा पाच-सहा गुंडाळ्या एका डब्यात घालून फ्रीजच्या मागे, जिथे थोडी ऊब असते तिथे. रोज पाण्याचा हबका. आठवड्याने उघडायचं. गेल्या वर्षीच्या भेंडीला दहातले सात कोंब होते. काकडीला नऊ. कांद्याला शून्य. कांद्याचं बी साध्या डब्यात वर्षभरातच दम तोडतं, हे मला माहीत आहे, तरी मी दर वर्षी पुडी ठेवते आणि दर वर्षी ती मरते. कारल्याच्या बिया आधी रात्रभर भिजत घातल्या होत्या आणि टोकाशी नेलकटरने किंचित चावा दिला होता. ते टरफल लाकडासारखं असतं, पाणी आत जातच नाही.

सात म्हणजे चांगले की वाईट? विकत आणलेल्या पाकिटाच्या पाठीमागे त्याचं उत्तर असतं, पण आपण पुढचं चित्रच बघतो. भेंडीच्या बियाण्याला कायद्याने ठरवलेली किमान उगवणशक्ती ६५ टक्के आहे, काकडी-दोडक्याला ६०. म्हणजे दहात साडेसहा उगवले तरी दुकानदार खरा. मागच्या बाजूला चाचणीची तारीख असते आणि 'अमुक तारखेपर्यंत वैध'. ही मुदत चाचणीपासून नऊ महिन्यांची. नऊ महिने वाचून मला दर वेळी हसू येतं. दहाव्या महिन्यात बी काही मरत नाही, नीट कोरडं ठेवलं तर भेंडी, काकडी दोन-तीन वर्षं सहज उगवते. पण चार महिने उन्हात टांगलेलं पाकीट मुदतीतसुद्धा मेलेलं असू शकतं. मी पाकीट घेताना दुकानाच्या आतल्या बाजूचं मागते.

बियाण्याच्या दुकानात आम्हा घरगुती गिऱ्हाइकांना तशी किंमत कमीच. पुढचा माणूस तीन एकर टोमॅटोची पाकिटं घेत असतो आणि मागे मी, पंचवीस भेंड्यांचं बी मागत. "हायब्रीड देऊ ना ताई?" हा प्रश्न चहाला साखर किती, इतक्या सहज येतो. हायब्रीडशी माझं भांडण नाही. दोन निवडक वाणांचा संकर करून काढलेली ती पहिली पिढी, एकसारखी, जोमदार, भरपूर फळ देणारी. फक्त त्याचं बी धरता येत नाही. धरलं तर पुढच्या वर्षी एक झाड आजोबांवर, एक मावशीवर, एक कुणावरच नाही. मी सरळ वाण मागते, ज्याचं बी धरता येतं. दुकानदार खाली वाकतो, खालच्या फळीवरून धूळ झटकून पाकीट काढतो.

त्या खालच्या फळीवरच्या नावांवर माझा जीव आहे. राहुरीच्या विद्यापीठाची हिमांगी: पांढुरकी, गोरटेली काकडी. दापोलीचं कोकण तारा कारलं. गवारीचं पुसा नवबहार. हे 'पुसा' म्हणजे बिहारमधलं एक गाव. १९०५ मध्ये तिथे शेतीसंशोधनाची संस्था निघाली. १९३४ च्या जानेवारीत, ऐन संक्रांतीच्या दिवसांत, बिहारला मोठा भूकंप झाला, संस्थेची इमारत कोसळली आणि १९३६ मध्ये सगळा संसार दिल्लीला हलला. गाव मागे राहिलं, नाव बियांबरोबर गेलं. आणि परभणी क्रांती! भेंडीला क्रांती हे नाव कुणाला सुचलं असेल? पण शोभतं. पुसा सावनी ही एकेकाळची सगळ्यांची लाडकी भेंडी केवड्यापुढे हात टेकायला लागली, तेव्हा परभणीच्या लोकांनी तिचा संकर भेंडीच्या एका रानटी बहिणीशी केला. खायला त्या बहिणीचा उपयोग नाही, पण तिच्या अंगात रोगाला तोंड द्यायचा चिवटपणा होता. पिढ्यान्‌पिढ्या निवड करत चव भेंडीची ठेवली आणि चिवटपणा तिचा घेतला. रानाची सोयरीक अशी कामी येते. आमच्या घरी ती उलटी कशी फिरली, ते आता सांगते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळी दोडक्याचा एक वेल असा काही आला होता की मांडव वाकला. कोवळे, शिरा उठावदार, भाजी शिजली की घरभर वास. मी ठरवलं, याचं बी धरायचं. अश्विनात एक दोडका वेलावर ठेवला, वाळवला, बिया काढल्या, पुडीवर ऐटीत लिहिलं, 'घरचा, उत्तम'. पुढच्या उन्हाळ्यात लावला. वेल पुन्हा तसाच जोरात. पहिले चार दोडके काढले, मसाला भरून केले, सासऱ्यांच्या पानात आधी वाढले. बाबा जेवताना कधीच काही बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांनी घास तोंडात घेतला, दोन क्षण थांबले, आणि तोंड न हलवता उठून मोरीकडे गेले. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "औषध आहे का?"

कडूजहर. कारल्याचा कडूपणा याच्यापुढे सभ्य. सगळी कढई ओतून दिली, आणि ते बरंच झालं. दोडका, दुधी, काकडी यांचा असा कडूपणा म्हणजे कुकुरबिटासिन नावाचं विषारी द्रव्य, त्याने उलट्या-जुलाब होऊन माणूस चांगलाच आजारी पडू शकतो. कडू लागला तर घास थुंकायचा, 'औषधी असेल' म्हणून गिळायचा नाही.

मग मी कारण शोधत बसले. किल्ल्याच्या उतारावर, आमच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर, पावसाळ्यात झुडपांवर कडू दोडकी चढते. रानटी. फळ लहान, फूल तेच पिवळं. माझा वेल अश्विनात फुलला होता तेव्हा तीही फुलली होती, आणि फुलांवर येणाऱ्या पाखरांना आमचं कुंपण काय दिसणार? आता यातली गंमत अशी की त्या वर्षीचे दोडके गोडच होते. फळ आईचं असतं, बी मात्र दोघांचं. बापाची ओळख पुढच्या वर्षी पानात पडते.

हे मी फोनवर आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुझी आजी पावसाळी दोडक्याचं बी कधी धरायची नाही." बस. एवढं एक वाक्य. का, ते तिला माहीत नव्हतं, तिने विचारलं नव्हतं. आजी पाटण तालुक्यातली, डोंगराच्या कुशीत घर. उन्हाळी वेलाचंच बी, हा तिचा नेम. उन्हाळ्यात रानातली कडू दोडकी वाळून गेलेली असते. ती फुलतच नाही, तर बाप कुठून होणार?

आजीचे आणखी नेम मला आता एकेक आठवतात. बियाचं फळ वेलावरचं पहिलं नको, शेवटचंही नको, मधलं हवं. त्याला चिंधी बांधायची, म्हणजे मुलांनी, सुनांनी, कुणीच हात लावायचा नाही. वालाचं बी राखेत घोळून मडक्यात. भोपळ्या-काकडीचं बी शेणाच्या गोळ्यात दाबून गोळा भिंतीला थापायचा. पेरायच्या वेळी तो गोळाच फोडून लावायचा, खताची पहिली मात्रा बियाबरोबरच. लहानपणी त्या भिंतीवरचे गोळे बघून मला वाटायचं, गोवऱ्या लावताना उरलेलं शेण असेल. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा टीव्हीवर त्यांचं घर, ती मडकी, त्या बिया दाखवत होते. सगळ्यांना नवल वाटत होतं. मला आजीची भिंत दिसत होती. राहीबाईंनी जे केलं ते मोठंच, शेकडो गावठी वाणं गोळा करणं, ती वाटणं, लोकांना पुन्हा लावायला लावणं. माझ्या आजीने फक्त स्वतःपुरतं केलं आणि ती गेल्यावर तिच्या सुनांनी मडकी कवडीमोलाने मोडीत काढली. तिचा एक दाणाही आज कुणाकडे नाही. मी विचारलंय सगळ्यांना.

तिच्या नेमांतला सगळ्यात अवघड नेम चिंधीचा. बियाणं निवडायचं म्हणजे वेलावरचं सगळ्यात देखणं फळ खायचं नाही असं ठरवायचं. बारक्या, वाकड्या, किडक्या फळाचं बी कुणीही धरेल, त्याने पोटाचं काही जात नाही. चांगलं फळ सोडायला मन धजत नाही. त्यातून ते फळ वेलावर पिकायला ठेवलं की वेलही नवी फळं धरायचं कमी करतो. त्याच्या लेखी काम झालेलं असतं. बाजारात दोडका ऐंशी रुपये किलोवर गेलेला असताना घरातला वीतभर लांबीचा, सरळ, कोवळा दोडका नुसता बघत बसायचा म्हणजे काय, हे सासूबाईंना विचारावं.

गेल्या उन्हाळ्यात मी हे रीतसर केलं. बी आणलं एका शेतकरी मैत्रिणीकडून, गावठी, चवीची खात्री असलेलं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दोन आळी, दीड फूट खोल, तळाला पालापाचोळा, वर शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. प्रत्येक आळ्यात चार बिया, उगवल्यावर दोन ठेवून बाकीची विरळली. बिजपत्रांवर तांबडे भुंगेरे तुटून पडले तेव्हा सकाळी दव असताना चुलीची राख भुरभुरवली. (चूल आमच्याकडे नाही. राख समोरच्या इस्त्रीवाल्याकडून.) मार्चअखेर फुलं आली.

रानटी दोडकी तेव्हा नव्हती, पण शेजारच्यांची घोसाळी होती, आणि दोडक्या-घोसाळ्याचं गोत्र एकच. धोका नको. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, हे फार लोकांना ठाऊक नसतं. काकडी, कारली सकाळची; दोडका पाचच्या पुढे, दिवेलागणीपर्यंत. तेव्हा दुपारी चारला मी स्टूल घेऊन मांडवाखाली. उद्या नाही, आजच उमलणार अशी कळी ओळखायची: पाकळ्या पिवळ्या दिसायला लागलेल्या, टोक अजून मिटलेलं. मादी फुलाखाली करंगळीएवढा दोडका आधीच असतो, शिरांसकट. नराच्या देठावर तसं काही नाही, तो घोसात येतो. दोन नर, एक मादी, तिघांच्या टोकांना सैलसर दोरा. सहा वाजता दोरे सोडले. पाकळ्या बोटांखाली उलगडतात, ओल्या टिश्यू पेपरसारख्या, चुरगळलेल्या, आणि एकदम मंद वास येतो. नराच्या पाकळ्या तोडून टाकल्या, मधला परागांचा भाग मादीच्या तीन फाकांच्या डोक्यावर हलकेच फिरवला. बोटाला पिवळी पूड. मग मादी पुन्हा बांधली आणि देठाला खूण म्हणून सासूबाईंच्या नाडापुडीतला लाल दोरा.

"देवाचा दोरा दोडक्याला?" त्या म्हणाल्या. पण काढला नाही.

तो दोडका वाढला. बाकीचे आम्ही खाल्ले, तो वाढत राहिला. एप्रिलमध्ये त्याच्याकडे बघून सासूबाई उसासा टाकायच्या. मेमध्ये तो फुगला, शिरा रुंद झाल्या, रंग मातकट झाला, आणि आता तो भाजीचा नाही हे कळल्यावर त्यांनी बोलणं सोडून दिलं. पुढची काळजी वळवाची. मे महिन्यात आमच्याकडे दुपारनंतर यवतेश्वराच्या बाजूने ढग काळे होऊन येतात, आणि वाळत आलेलं फळ भिजलं की आत बुरशी. दोनदा मी ऑफिसातून फोन करून नवऱ्याला छत्री घेऊन मांडवाकडे पिटाळलं. एकदा त्याने खरंच छत्री दोडक्यावर बांधून ठेवली होती. शेजारच्या मुलांनी फोटो काढला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृगाच्या आधी, हलवून बघितला. खुळखुळला. वजन म्हणाल तर कागदाच्या फिरकीएवढं. दोडक्याच्या खालच्या टोकाला निसर्गाने झाकण दिलेलं असतं. पूर्ण वाळला की ते नखाने उचकटलं तरी टक्‌ करून निघतं. आतल्या जाळीतल्या पोकळ्यांमधून बिया पेपरवर ओतल्या. काळ्या, चपट्या, अंगावर बारीक खड्डे. एकशे बारा. सासूबाईंनी मोजल्या, दोनदा. हलक्या, पोकळ अशा अठरा बाजूला काढल्या. उरलेल्या आठवडाभर सावलीत वाळवून बाटलीत भरल्या, तळाला कडुलिंबाचा वाळका पाला.

तर यंदाचा नकाशा. मागच्या भिंतीला, साडेपाचच्या उन्हात, दोडका. घरच्या बियाचा. कपड्यांची दोरी दोन फूट पुढे येणार, तह झालाय. भेंडी पंचवीस झाडं, कारण वहीत गेल्या वर्षी मी लिहून ठेवलंय, "आठ झाडं = रोज तीन भेंड्या = कुणाला?" कारल्याचा एकच वेल, कारण खाणारी मी एकटी. हिमांगी काकडी बादल्यांमध्ये, गच्चीच्या जिन्यापाशी. टोमॅटो नाही, टोमॅटोचं दर वर्षी मी मनाशी ठरवते की नाही, आणि दर वर्षी कुणीतरी रोपं आणून देतं. वाघ्या घेवड्याची एक पुडी डब्यात आहे, आमच्याच जिल्ह्यातला, कोरेगावकडचा, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला, भौगोलिक मानांकन मिळालेला. मोह होतो. पण तो पावसाळ्याचा. पुडी परत डब्यात. 'नक्की काय ते बघणे' ही पुडी मात्र यंदा फोडली. निघाली तुळस.

दोडक्याच्या दहा बिया कापडात बांधल्या होत्या. परवा सकाळी मी गुंडाळी उघडली तेव्हा सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. आठांना पांढरे कोंब, एकाचा तर अर्ध्या बोटाएवढा वळलेला. त्या मी आळ्यात लावल्या, कोंब खाली करून, वर बोटाच्या पेराएवढी माती. न उगवलेल्या दोन फेकायला उचलल्या तर सासूबाईंनी माझ्या हातातून घेतल्या. कढीलिंबाच्या मुळाशी गेल्या, काडीने भोक पाडलं, त्यात दोन्ही सोडल्या आणि माती लोटली.

"तिथे ऊन येत नाही, आई," मी म्हटलं.

"बघू ना," त्या म्हणाल्या, आणि झारी मागितली.